सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, हे ठाऊक असूनही

मे महिन्याची वाचनाची यादी काल रात्री पक्की केली. नऊ पुस्तकं आहेत, त्यातल्या सहा हलक्याफुलक्या प्रेमकथा. आमच्या वाचनगटावर यादी टाकली आणि पाच मिनिटांत एका मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, या वर्षी तरी काहीतरी वजनदार वाच ना!" प्रेमानेच म्हणाली ती, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ते 'वजनदार' रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हे लिहायला बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं मराठीत, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही. मी चौथी-पाचवीत असेन. मेमध्ये मावशी महिनाभर राहायला यायची. दुपारची जेवणं, भांडी आटोपली की ती वसरीवर विळी घेऊन मिस्कुटाच्या, म्हणजे लोणच्याच्या, कैऱ्या चिरायला बसायची आणि आई शेजारी बसून मोठ्याने कादंबरी वाचायची. एकीचे हात कामात, दुसरीचा आवाज कामात. मी सोप्यावर पालथी पडून ऐकायचे. मला कळत नाही अशी दोघींची समजूत होती. मला सगळं कळत होतं.

त्या वर्षी बाजारातल्या एका वाचनालयातून आईने एक कादंबरी आणली होती. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, वर खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर नुसता नंबर. आतलं नावाचं पानही नव्हतं. नायक बँकेत नोकरीला, नायिका शाळेत गाणं शिकवणारी, आणि दोघांच्या घरांमध्ये एकच सामायिक विहीर. विहिरीच्या हक्कावरून दोन घरांत दावा चाललेला. पाणी भरायला यायच्या वेळा ठरवून दिलेल्या, आणि नेमक्या त्या वेळा चुकवून ही दोघं तिथे यायची. आठ दिवस आम्ही त्या विहिरीवर होतो म्हणा ना. नवव्या दिवशी नायिकेच्या दारावर थाप पडली, तिने दार उघडलं आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. पुढची पानंच नव्हती.

आई पुस्तक बदलायला गेली तेव्हा त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती, नावही कुणाला आठवत नव्हतं. मग महिनाभर दोघींचा वाद. आईचं म्हणणं, दारात तो तिची माफी मागतो. मावशीचं म्हणणं, छे, तो काहीच बोलत नाही, नुसता एक तांब्याभर पाणी मागतो. (मी मनातून मावशीच्या बाजूने होते. अजूनही आहे.) त्या दोघांचं लग्न होणार, याबद्दल मात्र दोघींपैकी एकीलाही क्षणभर शंका नव्हती. तरी त्या आठ-दहा पानांसाठी दोघी जिवाचं पाणी करत होत्या.

'शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचायचं कशाला?' असं कुणी म्हटलं की मला ती वसरी आठवते. आणि दुसरी आठवण होते ती जत्रेच्या मंडपाची.

आपल्या गावांत जत्रेच्या रात्री पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला पडदा उघडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, आणि आमच्याकडच्या देवळांच्या मंडपांत ते आजही होतं. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, सुभद्रेचं मन अर्जुनावर आहे, अर्जुन संन्याशाच्या वेषात येऊन बसला आहे आणि कृष्ण पडद्याआडून सगळी सूत्रं हलवतो आहे. महाभारताचा आधार काढून बाजूला ठेवा. उरते ती निखळ, खेळकर प्रेमकथा. वेषांतर आहे, गैरसमज आहे, चुकीचं स्थळ आहे, मदतीला धावणारा नातेवाईक आहे. आज दुकानात गुलाबी कव्हरांमध्ये मिळणाऱ्या कादंबऱ्यांत याहून वेगळं काय असतं? मंडपातल्या शेवटच्या खुर्चीवर पेंगणाऱ्या आजोबांनाही ठाऊक असतं की सुभद्रा अर्जुनालाच मिळणार. आणि तेच आजोबा पद सुरू झालं की सावरून बसतात. १९१६ च्या 'संशयकल्लोळ'चं तेच. अश्विनशेठ आणि रेवतीचं शेवटी जुळणार हे सगळ्यांना माहीत, पण ते जुळेपर्यंत फाल्गुनराव काय काय घोळ घालतो ते बघायला माणसं रात्र जागवतात. या नाटकांना आपण अभिजात म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. तोच आनंद एखादी बाई दुपारी पुस्तकात शोधत असेल तर तो टाइमपास कसा होतो, हे मला खरंच समजत नाही.

प्रेमकथेच्या व्याख्येत दोनच गोष्टी असतात. कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. हा शेवट म्हणजे वाचकाला आधीच दिलेला शब्द. तो शब्द दिलेला असतो म्हणूनच वाचक निर्धास्तपणे बाकीच्या गोष्टींकडे बघू शकतो: तो तिच्याशी नेमका कधी खोटं बोलायचा थांबला, ती कुठल्या वाक्यावर पहिल्यांदा मनापासून हसली. लेखकासाठी मात्र हे महाकठीण काम. 'पुढे काय होणार' हा हुकमी पत्ता त्याच्या हातातून आधीच काढून घेतलेला असतो. उरतात संवाद, स्वभाव आणि वेळ साधण्याची कला. शेवटी नायिकेला क्षय झाला की कादंबरीला आपोआप गांभीर्य येतं. दोन शहाण्या माणसांना तीनशे पानं एकमेकांपासून दूर ठेवायचं, तेही वाचकाला चीड न येता, आणि मग पटेल अशा रीतीने जवळ आणायचं, हे मला जास्त अवघड वाटतं.

'हलकं' या शब्दाची धास्ती खुद्द लिहिणाऱ्यांनाही असते. १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापून आली तेव्हा पुस्तकावर जेन ऑस्टिनचं नाव नव्हतं, आणि हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकलेले होते. पुस्तक आल्यावर तिने बहिणीला पत्रात लिहिलं की हे जरा जास्तच हलकं, उजळ आणि चमचमतं झालं आहे, याला थोडी सावली हवी. मध्येच कुठेतरी वॉल्टर स्कॉटवरची टीका किंवा बोनापार्टचा इतिहास घालायला हवा होता, असंही तिने पुढे गमतीत लिहिलं. दोनशेहून जास्त वर्षं झाली, त्या न लिहिलेल्या इतिहासाची उणीव अजून तरी कुणाला भासलेली मी ऐकली नाही.

आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी मराठी माणसाला प्रेमकथेची गोडी लावली. त्यांची 'दौलत' १९२९ ची. प्राध्यापक माणूस, तंत्रावर हुकमत अशी की कादंबरी कशी रचायची याचे पाठच घालून दिले. त्यांच्यावर टीका झाली ती कलेसाठी कला म्हणतात यावरून, आणि तो वाद दमदार होता. पण त्यांच्यानंतर जे लोकप्रिय कादंबरीकार आले त्यांच्याशी कुणी वादही घातला नाही. चंद्रकांत काकोडकरांचंच घ्या. आडनावातच आपल्या केपे तालुक्यातलं काकोडा. त्यांच्या कादंबऱ्या आमच्या आयांच्या पिढीने वाचनालयांत नंबर लावून वाचल्या. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायालयाने कथा अश्लील नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर बेतलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला. एवढं घडलेल्या लेखकाचं नाव किती परिसंवादांत ऐकलंत? मी शोधून थकले.

आणि गोव्यात राहून रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतल्या 'रोमांसी' विसरून कसं चालेल? छोट्या पुस्तिका, त्यात प्रेम, साहस, रहस्य सगळं. रेजिनाल्ड फर्नांडिस यांना लोक 'रेय रोमांसिंचो' म्हणायचे, रोमांसींचा राजा. आमच्या शेजारची बाई संध्याकाळी घरापुढच्या बल्कावावर बसून नातवंडांना त्या वाचून दाखवायची. कुंपणाच्या अलीकडे मराठी कादंबरी, पलीकडे रोमांस. लिपी वेगळी, पण दोन्हीकडे ऐकणाऱ्यांचा श्वास एकाच जागी अडकायचा.

एक गोष्ट सांगू की नको असं करत होते, सांगतेच. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी तीन आठवडे हॉस्पिटलच्या बाकावर काढले. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई, तिचा नवरा आत. तिच्या हातात मिल्स अँड बून होतं. १९०८ पासून चालत आलेली लंडनची प्रकाशनसंस्था ती, आणि कॉलेजात असताना मी तिची पुस्तकं पिशवीत तळाशी लपवून न्यायचे. चौथ्या दिवशी त्या बाईने काहीही न बोलता पुस्तक कण्यावर दुमडलं, मधोमध फाडलं आणि वाचून झालेला अर्धा भाग माझ्या हातात दिला. दोन दिवसांनी उरलेला दिला. आत काय चाललं होतं ते आमच्या हातात नव्हतं. पुस्तकात मात्र सगळं नीट होणार होतं, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या बाकावर तेवढंच पक्कं होतं. त्या दिवसांत मला कुणी वजनदार पुस्तक दिलं असतं तर मी एक पान वाचू शकले नसते.

असो. यादीकडे येते.

मी यादी लेखकांच्या नावांवरून करत नाही, वेळा बघून करते. आता गोव्यात सहावीपासूनच्या मुलांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा घर खरं रिकामं मिळतं ते मेमध्येच. दुपारी दोन ते चार, जेवण अंगावर आलेलं, वीज कधी जाईल सांगता येत नाही. या वेळेला दोनशे पानांच्या आतलं, मोठ्या टाइपातलं पुस्तक. कदंबच्या बसमधून फोंडा ते पणजी जाताना संवाद भरपूर असलेलं, म्हणजे थांब्यावर थांब्यावर बंद करता येतं. रात्री गच्चीवर वारा सुटला की मग लांबलचक कादंबरी, जिच्यात दोघांची भेटच शंभराव्या पानावर होते. एक पुस्तक पूर्वी वाचलेलं हवंच. एक दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं. आणि एक असं, ज्याच्याबद्दल मला काहीही माहीत नाही, नुसतं पहिलं पान उभ्या उभ्या वाचून उचललेलं.

हे शेवटचं उचलायला मी पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. १८३२ साली स्थापन झालेलं ग्रंथालय आहे आपलं, आणि तिथल्या मराठी कपाटांमध्ये खालच्या फळीवर वाकून बघायची तयारी असेल तर फार जुन्या ओळखी भेटतात. विकत घ्यायची ती दोन-तीनच घेते. बाकी किनारपट्टीवरच्या गेस्ट हाऊसांत पाहुणे पुस्तकं मागे सोडून जातात. तिथे काम करणारी माझी एक भाची त्यातली हसऱ्या कव्हरांची माझ्यासाठी बाजूला ठेवते.

उरलेल्या तीन वजनदार पुस्तकांबद्दल विचाराल तर तीही आहेत यादीत, आणि आवडीने आहेत. फक्त ती मी दोन प्रेमकथांच्या मध्ये ठेवली आहेत. आमसुलाची कढी जेवणात जिथे लागते तिथेच वाढतात ना, तसं.

एक खंत आहे. बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली फोनवर प्रतिलिपी या अ‍ॅपवर मराठी प्रेमकथा भाग-भाग करून वाचताना दिसतात, पुढचा भाग आला की चेहरा उजळतो. म्हणजे वाचक आहे. पण छापील मराठीत, नेटकी संपादित केलेली, खळखळून हसवणारी नवी प्रेमकथा शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. आणि गोवा असलाच तर तो समुद्र, बाटली आणि हनिमूनचा गोवा. आमच्या फोंड्यात कुणी प्रेमात पडत नाही का? जत्रेच्या नाटकाच्या तालमीत कुणी प्रॉम्प्टरच्या प्रेमात पडल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. (लग्नालाही गेले होते.) म्हार्दोळच्या जायांच्या वळेसरांवरून, म्हणजे जाईच्या गजऱ्यांवरून, रुसवे काढले जातात, काजूच्या मळ्यात बोंडू वेचताना जुन्या भाऊबंदकीतली मुलं बोलायला लागतात, एकीला मुंबईत नोकरी लागते आणि दुसऱ्याला कुळागर, पोफळीची बाग, सोडवत नाही. इतकं साहित्य नुसतं पडून आहे. लिहिणाऱ्यांनो, कुणीतरी हे घ्या हो. मी पहिली प्रत विकत घेईन आणि आणखी दहा जणींना घ्यायला लावीन.

तुमच्याकडे अशी कुठली पुस्तकं असतील तर खाली नावं लिहा. अट एकच, शेवटी दोघं एकत्र यायला हवीत. आणि सामायिक विहिरीची ती कादंबरी कुणी वाचली असेल, बँकेतला नायक, गाण्याची बाई, तर कृपा करून लगेच सांगा. मावशी आता नाही. आई आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पुन्हा वाचायला लागली आहे.

यादीतली नववी जागा मी तिच्यासाठी रिकामी ठेवली होती. काल विचारलं, तुला कुठलं आणू? कुठलंही चालेल म्हणाली. मी चप्पल घालून पायऱ्या उतरले तेव्हा मागून हाक आली, "निमाणीं पानां आसात काय पळोवन हाड गो!" शेवटची पानं आहेत का बघून आण म्हणे.