झूल नसली म्हणून बैल काय वखर ओढत नाही?

दारव्हा-दिग्रस रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे. फाट्यावर पानठेला आणि ठेल्यासमोर कडुनिंबाचा पार. वावरातली कामं आटोपली की सहा-साडेसहाला आम्ही चार-पाच जण तिथं जमतो. पोळा होऊन आठवडा झाला होता. सोयाबीन शेंगा धरत होतं आणि दोन दिवस पावसाची उघाड होती. बोलणं पिकावरच चाललं असतं, पण गजू आला तोच मोबाइल हातात धरून आणि तोंड पाडून.

"संपला राजेहो आपला गेम."

"काहून? बंद पडला?" पंकूनं विचारलं.

"बंद नाई पडला. पण या सीझनपासून नवे बोर्ड येणार नाईत. स्किनवरचं ॲनिमेशन बंद, इमोट बंद. फक्त पत्ते येतीन. थेही साधे."

गजूचं तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो हा पत्त्यांचा गेम खेळतो, तीन वर्षं झाली. हे पत्ते मेंढीकोटचे नाहीत. प्रत्येक पत्त्यावर एखादा योद्धा, एखादा प्राणी, नाहीतर मंत्र. आपला चाळीस पत्त्यांचा जुडगा आपणच बांधायचा आणि कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाशी डाव मांडायचा. पत्ते खेळून मिळत जातात. बाकी शोभेचं सामान, म्हणजे खालचा पट (गजूचा बोर्ड), पत्त्याची पाठ, योद्ध्याचा वेगळा पोशाख (स्किन), डाव चालू असताना समोरच्याला दाखवायची गमतीची चित्रं (इमोट), हे पैसे देऊन घ्यायचं असतं. काही महिन्यांनी नवं सामान येतं, त्या हंगामाला सीझन म्हणतात. त्यानं डाव जिंकायला काडीची मदत होत नाही.

पंकूनं नेमकं तेच धरलं. तो अमरावतीला ॲनिमेशन शिकतो आणि सणाला गावी आला की थोडे दिवस राहून जातो.

"मंग रडून काहून रायला तू? पत्त्याची ताकद कमी केली काय त्याईनं? खेळ तं पत्त्याचा हाय ना? झूल नसली म्हणून बैल काय वखर ओढत नाई?"

मास्तर हसले. नानाजी हसले नाहीत. त्यांच्या दावणीला अजून जोडी आहे, गावात उरलेल्या मोजक्या जोड्यांपैकी एक.

गजू काही बोलला नाही. त्यानं मोबाइल पारावर आडवा ठेवला आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं आठशे रुपयांना घेतलेला पट होता तो. रात्रीचं बंदर, ओली फरशी, कोपऱ्यात खांबाला टांगलेला कंदील. कंदिलाला बोट लावलं की ज्योत फडफडते आणि फरशीवरचा उजेड हलतो. पटाच्या काठावर मुंगसासारखं एक जनावर बसलेलं. समोरच्यानं चालीला उशीर लावला की ते जांभई देतं, मग अंगाची गुंडाळी करून झोपतं. आपण जिंकलो की टुणकन उठतं. हे सगळं पाच-सहा इंचांच्या काचेत, आणि गजूच्या काचेला तर तडाही गेलेला. त्यानंतर त्यानं नव्या सीझनचा पट दाखवला. बंदर तेच होतं, फक्त रंग हिरवा केला होता. कंदिलावर त्यानं बोट ठेवलं. ज्योत हलली नाही. पुन्हा ठेवलं, तरी नाही.

"पाह्यलं?" गजू म्हणाला. "आता सांग मले, काय कमी झालं थे."

पंकूनं पाहिलं होतं. तरी तो मागं हटला नाही, आणि त्याचं बोलणंही खोटं नव्हतं. "भाऊ, हे फुकट होत नाई. आमाले परीक्षेसाठी चार सेकंदाचं काम होतं, एक म्हातारी चूल फुंकते एवढंच. सेकंदाले चोवीस फ्रेमच्या हिशोबानं शहाण्णव चित्रं. माहा आठवडा गेला त्याच्यात. तुह्या मुंगसाले किती लागले असतीन? चित्र काढणारा वेगळा, हलवणारा वेगळा, आवाज देणारा वेगळा. वरून थे हरेक मोबाइलवर चालते का पाहा. आणि घेते कोण? शंभरातले किती जण तुह्यासारखे आठशे रुपये मोजते?"

मधेच ठेलेवाल्या भाऊंनी विचारलं, "पण गेम तं सरकारनं बंद केले ना?" बंद झाले ते पैसे लावून खेळायचे गेम, रमीबिमीचे. तो कायदा २०२५ चा. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती २२ ऑगस्टला, त्या वर्षीच्या पोळ्याच्याच दिवशी. त्या ॲपांनी आमच्या भागात किती घरं खाल्ली ते फाट्यावर कोणाला सांगावं लागत नाही. गजूच्या गेममध्ये पैसा लावता येत नाही आणि जिंकताही येत नाही. तिथं पैसा जातो तो निव्वळ हौसेसाठी. हा फरक भाऊंना मास्तरांनी समजावला आणि मग स्वतःच बोलायला बसले.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. लॉकडाऊनमध्ये त्यांना 'लेजंड्स ऑफ रुनटेरा' या गेमचा नाद लागला होता. रायट गेम्स या अमेरिकी कंपनीचा हा गेम २०२० साली आला. "पत्ते द्यायच्या बाबतीत त्यांच्याएवढा सढळ हात मी कुठं पाहिला नाही," मास्तर म्हणाले. "बाकी गेममध्ये पत्त्यांची पाकिटं विकत घ्या, आत काय निघेल ते नशीब. इथं तसं नव्हतं. आठवडाभर खेळलं की पेटी उघडायची आणि पत्ते घ्यायचे. म्हणजे कमाईची सगळी भिस्त शोभेच्या सामानावर. पट, पत्त्याच्या पाठी, काठावर बसणारे ते छोटे सोबती, योद्ध्यांचे पोशाख."

"म्हणजे पत्ते घरची ज्वारी आणि शोभा कापूस," नानाजी म्हणाले.

एवढ्या नेमकेपणानं आमच्यापैकी कोणालाच ते सांगता आलं नसतं. ज्वारी घरी खायची, पैसा कापसाचा.

"अगदी तसंच नानाजी. आणि कापूस पिकला नाही. २०२४ च्या जानेवारीत रायटनं ५३० लोक कामावरून काढले. एकूण माणसांच्या सुमारे अकरा टक्के. या गेमवरची माणसंही कमी केली. कंपनीनं सरळ सांगितलं, हा गेम कमावतो त्यापेक्षा त्याच्यावर खर्च जास्त होतो आणि इतके दिवस दुसऱ्या गेमच्या कमाईवर तो चालवला. त्यानंतर त्यांनी सगळा जोर एकट्यानं खेळायच्या भागावर दिला. आमच्यासारखे समोरासमोर डाव मांडणारे बाजूला राहिले."

"मंग तुमाले वाईट नाई वाटलं?" गजूनं विचारलं.

"वाटलं ना. गेम चालू होता, पत्ते होते, जुडगाही होता. पण उघडला की वाटायचं, घरातले लोक परगावी निघून गेले आणि आपण एकटेच ओसरीत बसलो आहोत."

मला वाटतं गजूचं खरं दुखणं त्या वाक्यात होतं, पण पंकूला ते पटलं नाही. त्यानं दुसरी उदाहरणं काढली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'ग्वेंट' हा पत्त्यांचा गेम आहे. त्यांनी आधीच सांगून टाकलं की २०२३ नंतर नवे पत्ते येणार नाहीत. मग कोणता पत्ता भारी करायचा आणि कोणता हलका, हे मतदानानं ठरवायचं काम खेळणाऱ्यांच्याच हातात दिलं. व्हाल्व कंपनीचा 'आर्टिफॅक्ट' २०१८ च्या नोव्हेंबरात वीस डॉलर किमतीला आला. खेळणारे टिकले नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये कंपनीनं त्याच्यावरचं काम थांबवलं आणि गेम सगळ्यांना फुकट खुला केला.

"म्हणजे पाहा," पंकू म्हणाला, "कमी करणं हा गुन्हा नाई. सांगून कमी केलं तं तोच इमानदार. गुपचूप मारून टाकण्यापेक्षा साध्या पत्त्यावर जगवला तं काय वाईट?"

मुद्दा वजनदार होता. थोडा वेळ कोणी बोललं नाही. रस्त्यावरून सरकीची पोती लादलेला टेम्पो गेला, धूळ पारापर्यंत आली. मग नानाजींनी घसा खाकरला.

"पंकू, तू झुलीचं म्हणला म्हून सांगतो. बोंडअळी आली थे साल तुमच्या ध्यानात असन, २०१७. कापूस वावरातच सडला. त्याच्या दुसऱ्या वर्षीचा पोळा. माह्यापाशी नव्या झुलीले पैसे नोयते. जुनी झूल उंदरानं कुरतडली होती. मी काय केलं, बैलाचे खांदे शेकले, तूप-हळद लावली, आवतण देल्लं. वेसण नवी, कासरा नवा. शिंगाले रंग मारला घरच्याच गेरूचा. झूल नाई, मठाटी नाई, बेगडाचा तुकडा नाई. तोरणाखाली नेऊन उभा केला."

"मंग?"

"मंग काय. झडत्या झाल्या, पोळा फुटला. बैलाकडं कोणी पाह्यलंच नाई गा. माह्याकडं पाह्यलं. रस्त्यानं चार जणांनी इचारलं, नानाजी, बरं हाय ना घरी? रातच्याले माहा साळा मोटरसायकल घेऊन आला, सत्तावीस किलोमीटर. त्याले कोणी फोन केला असन. बैल वखर ओढतच होता, पंकू. दुसऱ्या दिवशी डवऱ्याले जुपला होता मी. पण त्या दिवशी लोकांनी बैल नाई पाह्यला. धन्याचं काय चाललं थे पाह्यलं."

गजूचे डोळे भरून आले होते. "हेच," तो म्हणाला. "मले हेच म्हणायचं होतं. मले मुंगूस नको भाऊ. पण मुंगूस नाई म्हणजे तिथं कोणीतरी नाई ना."

इथं मी माझं मत मांडतो. मी स्वतः गेम खेळत नाही. पण खेळणारे पोट्टे शोभेसाठी भांडले की मोठी माणसं "चित्रासाठी काय रडता" म्हणून त्यांना उडवून लावतात, ते मला चुकीचं वाटतं. ज्या गोष्टीनं डाव जिंकता येत नाही तिच्यावर कोणी मेहनत घेत असेल, तर तो माणूस खेळ मनापासून करतो आहे एवढं त्यावरून कळतं. म्हणून ती मेहनत थांबली की आधी तेच लक्षात येतं. पत्त्याची ताकद आकड्यात असते, तो आकडा बसल्या जागी बदलता येतो. कंदिलाची ज्योत कोणीतरी बसून हलवावी लागते.

आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफाचं उलटं झालं. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, सगळे हातानं रंगवलेले. आज ते खेळणारा शोधून सापडत नाही, पण रंगवणारे आहेत, म्हणून गंजिफाचं नाव अजून निघतं. मास्तरांनी एकदा कोकणच्या सहलीत तो संच पाहिला होता. तो डाव कसा खेळायचा हे दुकानातल्या बाईंनाही सांगता आलं नाही, पण मत्स्य अवताराच्या खवल्यांवर किती बारीक कुंचला फिरवलाय हे त्यांनी मास्तरांना पत्ता हातात देऊन दाखवलं.

पंकूनं एवढं ऐकून घेतलं आणि मग गजूला एकच विचारलं. "तू तिथं काय लिहिलं?"

गजू गप्प.

"दाखव."

गजूनं नाइलाजानं दाखवलं. गेमवाल्यांना त्यानं सकाळी रागाच्या भरात लिहिलं होतं, हिंदीत. शिव्या होत्या. 'आळशी' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. त्याच्यासारखेच आणखी पुष्कळ जणांनी लिहिलेलं खाली दिसत होतं.

पंकूचा आवाज चढला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. "आळशी? गजू, ज्यानं तुहं मुंगूस हलवलं तो आळशी नाई. त्यालेच काढलं असन पहिले. मास्तर सांगून रायले ना, पाचशे तीस लोक. उद्या मी त्याच कामाले जाणार हाय. माह्या कामावर कातर लागीन आणि वरून लोक मलेच आळशी म्हणतीन?"

यावर गजूजवळ उत्तर नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. कात्री लावणारा एक आणि शिव्या खाणारा दुसरा, हे आपल्याकडेही रोज दिसतं. बँकेच्या खिडकीवरच्या पोरीला आपण बोलतो आणि नियम करणारा कुठल्या कुठं बसलेला असतो.

"मंग लिहू काय?" गजूनं विचारलं.

लिहायचंच नाही असं पंकूचंही म्हणणं नव्हतं. मास्तरांनी सुचवलं की आधी जुनं पुसून टाक. तेवढ्यात लाइन गेली. ठेल्यावर भाऊंनी चार्जिंगचा दिवा लावला आणि मोबाइलच्या उजेडात आम्ही पाच डोकी एकत्र केली. 'फसवणूक' हा शब्द घालायचा की नाही यावर बराच वेळ गेला. गजूचं म्हणणं, मागच्या सीझनचा पास, म्हणजे जास्तीच्या सामानासाठी पैसे देऊन घ्यायचं तिकीट, विकताना पुढं नवे पट येतील असं त्यांनीच दाखवलं होतं, मग याला फसवणूकच म्हणतात. पंकूचं म्हणणं, तेवढंच लिही की पास घेताना असं दाखवलं होतं, ज्यांनी घेतला त्यांना काय देणार ते सांगा. शेवटी पंकूचं ठेवलं. इंग्रजी मास्तरांनी केलं, पण आधी मराठीत सांगितलं गजूनंच, आणि ते मला इथं द्यावंसं वाटतं:

"मी तीन वर्षांपासून खेळतो. पैसे कमी पडत असतील तर दोन सीझनमधून एकच पट काढा, आम्ही थांबू. पण जो काढाल तो जिवंत काढा. बंदराचा कंदील ज्यांनी केला त्यांचं नाव आम्हाला कुठं दिसलं नाही. ते अजून तिथं असतील तर त्यांना सांगा की आमच्या गावात लाइन गेली की मी तो कंदील लावून पाहतो. ते तिथं नसतील तर तेही सांगा."

नानाजींनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "मुंगसाचं काहून नाई लिहिलं?"

गजूनं एक ओळ मुंगसाची घातली. फाट्यावर नेटवर्क धड नसतं. तो पाराच्या वरच्या दगडावर चढला, मोबाइल डोक्याच्या वर धरला आणि गोल फिरणारी खूण थांबायची वाट पाहत उभा राहिला.