‘दुरुस्ती ही गरिबीची सवय’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजी-आजोबांची पिढी वस्तू जपायची, सांधायची ती केवळ नाइलाजानं. आता दुरुस्ती नव्या वस्तूपेक्षा महाग पडते, हल्लीच्या वस्तू दुरुस्त होतही नाहीत, नवीन वस्तू वीज कमी खाते आणि टाकलेल्याचं रिसायकलिंग होतंच. तेव्हा जुनं कवटाळून बसू नका. मला हे वाचून वाईट वाटलं. यातलं थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या आडून बाकीचं खपून जातंय.

नाइलाज होता, मान्य. पण माझी आजी शर्टाची कॉलर उलटायची ते मी जवळून पाहिलंय. घडीवर कॉलर झिजून धागे दिसायला लागले की ती ब्लेडच्या टोकानं टाके उसवायची, झिजलेली बाजू खाली घालायची आणि जुन्या टाक्यांच्या भोकांवरूनच पुन्हा शिवायची. बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही. शर्ट आणखी दोन वर्षं आरामात चालायचा. कापड कुठे ओढ घेईल, टाका किती घट्ट हवा, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. गरज होती म्हणून ती हे शिकली असेल. पण हातात पैसा आला तरी तिनं ते सोडलं नाही.

‘दुरुस्ती महाग पडते.’ कधी कधी पडते. पण ती महाग का झाली, हे त्या मजकुरात कुठेच नाही. सुटे भाग विकायचे नाहीत, स्क्रूच्या जागी गोंद वापरायचा, एक छोटा भाग बिघडला तरी अख्खा बोर्ड बदलायला लावायचा, असं ठरवल्यावर दुसरं काय होणार? आणि हे आजचं नाही. तारेचे विजेचे दिवे (बल्ब) बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १९२४ साली फीबस नावाचं संगनमत उभं केलं आणि दिव्याचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. ज्याचा दिवा त्याहून फार टिकेल त्याला दंड. जास्त टिकणारा दिवा तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो, हे खरं आहे. पण तेवढंच कारण असतं तर दंड लावायची गरज पडली नसती. १९३२ साली अमेरिकेत बर्नार्ड लंडन नावाच्या गृहस्थांनी तर वस्तूंना कायद्यानंच मुदत घालून द्यावी, म्हणजे लोक खरेदी करत राहतील आणि मंदी हटेल, असं पत्रक काढलं होतं. टाकून देण्याची सवय आपोआप लागलेली नाही.

शिवाय सगळीच दुरुस्ती महाग नसते. छताचा पंखा पाचावर ठेवूनही रेंगाळायला लागला, की बरेच जण पंखाच बदलतात. पुष्कळदा दोष असतो तो काडेपेटीएवढ्या कपॅसिटरचा, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या भागाचा. जाणकार माणूस मेन स्विच बंद करून, पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली सरकवून तो दहा-पंधरा मिनिटांत बदलतो. मोटार धडधाकट असते, पाती धडधाकट असतात, आणि आपण तो पंखा भंगारात देऊन मोकळे होतो.

नवीन वस्तू वीज कमी खाते, हा मुद्दा फ्रिजच्या बाबतीत मला पटतो. फार जुना, अखंड चालणारा फ्रिज केवळ मायेपोटी ठेवू नये. पण खुर्ची, बॅग, चप्पल, कपडे कुठली वीज खातात? आणि फोनचं प्रदूषण बहुतांशी तो तयार होतानाच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे तो जितका जास्त वापराल तितकं बरं.

राहिलं रिसायकलिंग. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. ‘होतंच’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा.

‘हल्लीच्या वस्तू दुरुस्त होतच नाहीत’ हे तर मला सर्वांत खटकलं, कारण ते नशिबाचा भाग असल्यासारखं सांगितलंय. फोनची बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की थकायला लागते. फोन थकलेला नसतो. बॅटरी चिकटवायची की सुटी ठेवायची, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं, आणि ते बदलायला लावता येतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ती दुरुस्त करणं किती सोपं याला दहापैकी किती गुण, हे छापावं लागलं. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणातली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. पूर्वी फोनचं मागचं झाकण नखानं उघडायचं आणि बॅटरी बदलायची, तसंच.