दादाजींचा धान

धानाचं नवं वाण शोधणाऱ्या दादाजी खोब्रागडे यांच्यावरचा एक लेख वाचून डोळे भरून आले. आम्ही धानपट्ट्यातली माणसं, एचएमटी या बारीक तांदळाचा भात खातच मोठी झालो. पण हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या एका अल्पभूधारक शेतकऱ्यानं शोधलं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्याची आजही लाज वाटते.

१९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. कापणीच्या घाईत कोण थांबून बघतं हो? त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या आणि वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण नजर केवढी!

माझे बाबाही लोंबी तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि एक दाणा दाताखाली धरायचे. ‘कट्’ आवाज आला की म्हणायचे, “वाळला, आता भरा पोत्यात.” दादाजींचा फोटो पाहिला की मला तोच हात आठवतो.

त्या लेखात एक गोष्ट राहिली. तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, त्यावरून या धानाला नाव पडलं. दादाजींचं नाव पडायला हवं होतं. ३ जून २०१८ ला ते गेले. आमच्या घरी मात्र आम्ही ‘दादाजींचा तांदूळ’च म्हणतो.