मिस मार्पल, रेशनकार्ड आणि डोराचा केक

नमस्कार. अगाथा ख्रिस्तीच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या रहस्यकादंबरीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप दोन. पोलिसांना जमत नाही ते विणकाम करणाऱ्या म्हातारीला, म्हणजे मिस मार्पलला, जमतं, हे पटत नाही. आणि खून पडूनही सगळे चहा पीत बसतात, मेलेल्याचं कुणालाच काही वाटत नाही.

मार्पलबाई इथे पोलिसांना हरवत नाहीत. इन्स्पेक्टर क्रॅडॉक पायपीट करून माहिती आणतो, बाई माणसं ओळखतात. आणि नेमकी ती ओळखच या कादंबरीत निकामी होत चालली आहे. पुस्तक १९५० सालचं. युद्धानंतर गावात कुठकुठले लोक येऊन राहिलेत. पूर्वी कोण कुठला ते गावाला ठाऊक असायचं; आता माणूस स्वतःबद्दल सांगेल तेवढंच आपल्याला कळतं, असं बाई क्रॅडॉकला सांगतात. त्यालाही जाणवतं की हातात रेशनकार्ड आणि ओळखपत्र असलं म्हणजे झालं. त्यावर ना फोटो, ना बोटांचे ठसे. सगळं रहस्य याच फटीत दडलंय. तुम्हाला हे गाव उबदार वाटलं. मला ते वाचताना धास्ती वाटते.

दुसरा आक्षेप पहिल्या मृत्यूपुरता मान्य. हॉटेलात नोकरी करणारा तो परदेशी तरुण मरतो आणि गावाला दुःखापेक्षा कुतूहलच जास्त. पण डोरा बनरच्या वाढदिवसाचं प्रकरण, शेवट माहीत असताना, पुन्हा वाचा. ब्रिटनमधलं रेशनिंग १९५४पर्यंत चाललं. अशा दिवसांत अमेरिकेहून आलेला लोण्याचा डबा फोडायचा, ख्रिसमससाठी राखलेले बेदाणे काढायचे, वर चॉकलेट आणि साखर, आणि हे सगळं एका भोळ्या, विसरभोळ्या बाईच्या केकसाठी! त्यातली माया खरी आहे, आणि म्हणूनच ते प्रकरण भयंकर आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी इथेच थांबतो.

मात्र तुम्ही न काढलेला एक दोष मला सलतो. मिट्झी, युद्धातून जीव वाचवून आलेली निर्वासित स्वयंपाकीण. तिच्या भीतीची पुस्तकभर थट्टा होते, आणि मी लेखात तिचं नावही घेतलं नव्हतं. शेवटी मोठ्या धाडसाचं काम तिच्याच वाट्याला येतं, पण तेवढ्याने आधीची थट्टा भरून निघत नाही.