पाळणाघराची लांबी-रुंदी

महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्यालाही एखादं काम सुचवता येतं, ही बातमी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी आणली. त्या वस्तीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष, त्यामुळे महापालिकेतलं सगळं त्यांना माझ्याआधी कळतं. "दादा, पाळणाघर मागायचंय. तुमचं अक्षर बरंय," म्हणून त्यांनी माझी नेमणूकच करून टाकली.

वस्तीतल्या बाया सकाळी सातला कामाला बाहेर पडतात, अंगणवाडी दुपारीच सुटते, आणि धाकटी पोरं आठ-नऊ वर्षांच्या थोरलीच्या जिवावर राहतात. खोलीचा प्रश्न नव्हता. समाजमंदिर वर्षभर कुलूपबंदच असतं. हवं होतं ते दोन सेविकांचं मानधन.

शहराच्या बजेटमध्ये लोकांना विचारायची ही कल्पना 1989 साली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत रुजली. 2006 मध्ये ती पुण्यात आली आणि पुण्यानं केलं म्हणून पुढे कधीतरी आमच्याकडे. (आमच्या शहराचं नाव सांगत नाही. घरपट्टी तिथेच भरायची आहे.) पोर्तो अलेग्रेत लोक सभा भरवून आपापल्या कामांसाठी भांडायचे. आम्ही फॉर्म भरतो.

फॉर्मवर कामांचे प्रकार छापलेले होते. पदपथ, दिवे, बाकडी, ड्रेनेज, पेव्हर ब्लॉक आणि इतर. 'इतर'पुढे 'इतर' एवढंच मावेल इतकी जागा. खाली लांबी, रुंदी, उंची.

"हे रकाने रिकामे आहेत," खिडकीतले साहेब म्हणाले.

"साहेब, पोरं सांभाळायचीत."

"ते कळलं हो. किती मीटर?"

"दरवर्षी वाढतात," मावशी म्हणाल्या. "कुठलं माप लिहू?"

साहेब हसले नाहीत, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला जेईंकडे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांकडे पाठवलं. जेईंनी संगणकावर डीएसआर, म्हणजे दरसूची उघडली. सरकारी कामाचा प्रत्येक दर त्यात असतो. त्यांनी बराच वेळ खाली-वर केलं आणि खरोखरच्या हळहळीनं मान हलवली. "खडी आहे, वाळू आहे, गवंडी आहे, बिगारी आहे. सेविका नाही. दर नाही तर एस्टिमेट नाही."

"मग बिगारी धरा," मावशी म्हणाल्या. "पोरं उचलायचीच आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आमच्या प्रभागात इतकी बाकडी का आहेत. देवळापुढे बाकडी, स्मशानात बाकडी, आणि एका ठिकाणी तर बाकड्यावर बसलं की समोर दुसरं बाकडंच दिसतं. बाकडं एकदाच विकत घ्यायचं, नारळ फोडायचा, पाठीवर नाव रंगवायचं, संपलं. सेविकेला दर महिन्याला पैसे लागतात आणि तिच्या पाठीवर कुणाचं नाव रंगवता येत नाही. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक मला कॉलेजात कधी कळला नव्हता, तो तिथे उभ्या उभ्या कळला.

महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा असतो, हे मी पाठ करून गेलो होतो. दिव्यांगांसाठीही 5 टक्के, तेही म्हणून दाखवलं. "आहे ना निधी," दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "पण त्यात शिवणयंत्रं घेतो आम्ही. उरले तर वर्गीकरणात रस्त्याला जातात." आर्थिक वर्ष सरत आलं की इकडचे पैसे तिकडे वळवायला महापालिकेत भलताच उत्साह येतो. 31 मार्चच्या आत डांबर पडतं आणि पावसाळ्यात वाहून जातं, त्यामुळे पुढच्या वर्षीचीही सोय होते.

मग प्रभाग समितीच्या बैठकीला मावशींनी पुरावा आणला. झाडून सगळी पोरं. एकानं माईकचा ताबा घेतला, एकीनं अजेंड्याची होडी केली, आणि अगदी धाकट्यानं सभागृहाच्या गालिच्यावर जे केलं ते इतिवृत्तात आलेलं नाही. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या त्या सभागृहाला अर्ध्या तासात पाळणाघराची निकड पटली. "मागणी सकारात्मकतेनं घेऊ, पण यांना आधी बाहेर घ्या," असं जाहीर झालं.

अंदाजपत्रकाचं पुस्तक छापून आलं. मी चष्मा पुसून पानं उलटली. आमचं काम होतं! 'समाजमंदिरालगत नियोजित पाळणाघरासमोर बाकडी बसविणे, 4 लाख.'

बाकडी मात्र झटपट आली. पाठीवर दोन माननीयांची नावं, त्यांतलं एक चुकलेलं. मी संतापून मावशींना म्हटलं, आता माहितीचा अधिकार टाकू, उपोषणाला बसू. त्यांनी शांतपणे जेईंना फोन लावला. "साहेब, बसवलेल्या बाकड्यांच्या देखभालीला दरवर्षी पैसे मिळतात का हो?" मिळतात म्हणे, वेगळं अर्थशीर्षक असतं.

यंदाचा फॉर्मही माझ्याच अक्षरात गेलाय. कामाचं नाव मावशींनी सांगितलं, 'बाकडी व त्यांवरील मुले यांची वार्षिक देखभाल-दुरुस्ती करणे.' लांबी-रुंदी बाकड्यांची दिली आहे.