कूलर आणि कूलर

नागपुरात "नवा कूलर घेतोय" असं म्हटलं की घरचे खिडकीकडे बघतात. मागच्या फेब्रुवारीत मी तसं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "आहे ना घरी चांगला. मोटर मागच्याच वर्षी बदलली. आणखी कायले पायजे?" कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तो कूलर वेगळा, हे समजावल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग त्यात पाणी टाका लागते का?" गंमत म्हणजे सीताबर्डीवरच्या दुकानदाराचंही तेच म्हणणं पडलं: "सर, नागपूरचा उन्हाळा आहे, लिक्विडच घ्या." म्हणजे पाण्यावर चालणारा कूलर.

मी नाही घेतला. का, ते इथेच लिहितो, कारण तिघांनी मेसेंजरवर विचारलंय आणि तिघांना तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय.

मी रात्री घरी आवाजाचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करतो. माइक टेबलावर, कॅबिनेट हातभर अंतरावर. त्यामुळे मशीन शांतच हवं. शिवाय ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायची, जुनी खाज. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवणारे इथे असतील: बस (चिपला ताल देणारा मदरबोर्डचा वेग) ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेली की ३०० मेगाहर्ट्झची चिप थेट ४५० वर पळायची. फुकटात महागडी चिप! आता कंपन्याच चिप पिळून पाठवतात. आपल्या हातात खरं म्हणजे व्होल्टेज उरलंय.

मशीन किती आवाज करणार हे प्रोसेसर निवडतानाच ठरून जातं, असं माझं ठाम मत आहे. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपची उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली चिप जाणार नाही. यूट्यूबवरचे परीक्षक २२ अंशांच्या खोलीत बसून "७२ अंश, झकास" म्हणतात. म्हणजे खोलीपेक्षा ५० जास्त. मे महिन्यात माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहाला ३६ अंश असतात. तेच ५० त्यात मिळवा. ८६ अंशांना पंखा काय करणार, बोंबलणारच.

मग वॉटच कमी खाणारी चिप बघायची. इंटेलच्या आय९-१४९००केची कमाल टर्बो (पूर्ण जोरात पळतानाची) मर्यादा २५३ वॉट. (शिवाय १३ व्या-१४ व्या पिढीतल्या चिप जादा व्होल्टेजने बिघडण्याचं प्रकरण २०२४ मध्ये इंटेलनेच कबूल केलं, मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. व्होल्टेजशी खेळणाऱ्या माणसाला तिथे हात घालायची इच्छा झाली नाही.) एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्सची मर्यादा १४२ वॉट, नुसत्या ७७०० ची ८८. दोन्हीत आठच कोअर (चिपमधले स्वतंत्र काम करणारे भाग), जाहीर बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ५.४ आणि ५.३ गिगाहर्ट्झ. सगळे कोअर एकदम जुंपले तर फरक याहून थोडा जास्त पडतो, कबूल. पण माझ्या कामात तो मला घड्याळ लावूनच दिसला असता. ७७०० घेतला. फक्त गेमच खेळायचे असतील तर ७८००एक्स३डी बघा. त्याचा मल्टिप्लायर बंद आहे, म्हणजे वेग हाताने वाढवता येत नाही, पण गेममध्ये तो वॉट कमी खातो.

कूलर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई. दोन टॉवर, सहा हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), दोन पंखे. त्याला बुडबुडणारा पंप नाही, आणि पंख्याला काही झालं तर साधा १२० मिलिमीटरचा पंखा कुठेही मिळतो. एवढा मोठा कशाला? पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मोठं धड आणि आळशी पंखा, हे समीकरण जमतं. फक्त त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे. माझ्या जुन्या कॅबिनेटचं झाकण बोटभर उघडं राहिलं आणि हिशेबात नसलेली कॅबिनेट घ्यावी लागली. टेप घेऊन आधी मोजा.

ओव्हरक्लॉक म्हणजे मी एवढंच केलं: ८८ वॉटची मर्यादा तशीच ठेवली, पीबीओमध्ये (एएमडीच्या ओव्हरक्लॉकिंगच्या सेटिंगमध्ये) बूस्टला २०० मेगाहर्ट्झ वाढवले आणि कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज उतरवायची सेटिंग, सगळ्या कोअरना उणे ३०. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे थोडं व्होल्टेज उतरलं तरी उष्णता बरीच उतरते. तासभर रेंडर चालवला, काही नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी मशीनवर काहीच चालू नव्हतं, फक्त ब्राउझर उघडा, मी चहा आणायला गेलो आणि परत येतो तर मशीन आपोआप रीस्टार्ट होत होतं. तीन दिवस मी रॅमवर आणि एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) संशय घेत बसलो. खरी भानगड अशी की पूर्ण भारात कोअर खालच्या वेगावर असतात, आणि एकटा कोअर शिखरावर उडी मारतो तो हलक्या कामात. तिथेच कमी व्होल्टेज नडतं. मग कोअरसायकलर नावाचं चाचणीचं सॉफ्टवेअर लावून रात्रभर एकेक कोअर तपासला. दोन कोअर उणे दहावर आणले, बाकीचे उणे वीसवर. तेव्हापासून एकदाही पडलं नाही.

पंख्यांचं लगेच सांगतो. रायझनचं तापमान एका क्लिकवर वीस अंश उडी मारतं आणि पंखा प्रत्येक वेळी हुंकार देतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पंख्याच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर लावा. ७५ अंशांपर्यंत मिनिटाला ७०० फेरे, त्यापुढे जास्तीत जास्त हजार. ग्राफिक्स कार्ड असेल तर खरा गोंगाट बहुधा त्याचाच असतो, त्याचंही व्होल्टेज उतरवा.

जानेवारीत रात्री रेकॉर्डिंगला बसलो की हेडफोनमध्ये भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येते, कॅबिनेट येत नाही. एप्रिल ते जून मात्र ही सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. बाबांचा कूलर सुरू झाला की शेजारची विमानंसुद्धा ऐकू येत नाहीत. आणि त्याची दमट हवा कॅबिनेटच्या तोंडावर येऊ नये म्हणून टेबल सरकवावं लागलं ते वेगळंच. या रविवारी त्याची खस बदलायची आहे. तेव्हाच ब्रश घेऊन कॅबिनेटची जाळीही साफ करून टाकेन.