घुबडामागे चंद्र कसा चिकटवावा

परवा एका वन्यजीव फोटो स्पर्धेचा निकाल लागला. पहिला नंबर: उडतं घुबड, मागे अर्धी फ्रेम व्यापणारा पौर्णिमेचा चंद्र. मग म्हटलं, होतकरूंसाठी चार युक्त्या लिहून टाकाव्यात.

चंद्र घ्यायचा तर भलामोठा घ्यावा. फुल फ्रेम सेन्सरवर (कॅमेऱ्यात चित्र टिपणारा मोठा पट्टा) 600 एमएमच्या लांब पल्ल्याच्या लेन्सनेही चंद्र जेमतेम साडेपाच मिलिमीटर भरतो, म्हणजे सेन्सरच्या 24 मिलिमीटर उंचीचा चौथा हिस्साही नाही. पण परीक्षक कुठे पट्टी घेऊन बसलेत! चंद्रावरचे खड्डेही मोजता आले पाहिजेत. त्याच लेन्सने एफ/4 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, 20 मीटरवरच्या घुबडावर फोकस केलात तर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारं अंतर, पाऊण हातही मिळत नाही, मागचा चंद्र नुसता धुरकट गोळा होतो. होईना का, आपला चंद्र वेगळ्या फाइलमधून आलाय. आणि घुबडाच्या पिसांना मागून सोनेरी कडा हवीच. पूर्ण चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. तो घुबडामागे असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी. मग मागून ऊन कुणी टाकलं, त्या घुबडाच्या मामाने?

डोळ्यात चमक नसेल तर पांढरा ठिपका द्यावा, शक्यतो दोन डोळ्यांत दोन दिशांना.

आड येणारी फांदी जनरेटिव्ह फिलने, म्हणजे एआयकडून ती जागा भरून घेऊन, उडवावी. तिची सावली पंखावर राहिली तर राहू द्यावी. कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ 6400 पर्यंत चढवल्याने येणारा दाणा सगळीकडे आणि फांदीच्या जागी मात्र गुळगुळीत चट्टा, तोही राहू द्यावा.

एवढी मेहनत नको असेल तर प्राणीच आयता आणावा. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेच्या 2009 च्या विजेत्या फोटोतला लांडगा माणसाळलेला असावा असं ठरलं आणि 2010 मध्ये फोटो बाद झाला. तोवर कौतुक तर पदरात पडलं!

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, मागितली की हार्ड डिस्क उडालेली असावी. फारच पाठीस लागले तर तयार चित्राच्या टिफ फाइलचीच डीएनजी (रॉसाठी वापरतात तो फाइल प्रकार) करून पाठवावी. उघडून पाहणारा एखादाच, त्यालाच कळतं की ही आधीच डीमोझेक झालेली, म्हणजे कच्च्या नोंदीतून रंगीत चित्र बनवून झालेली आहे.

अहो विजेते, पण सेकंदाला 20 फ्रेम झाडणाऱ्या कॅमेऱ्यात तुमच्याकडे आधीची एक नाही, नंतरची एक नाही? एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके, एवढं बहुतेक स्पर्धांत चालतं. चित्रात काही घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? चंद्र चिकटवायचाच असेल तर डिजिटल आर्टच्या विभागात चिकटवा, दहा चिकटवा, कोण अडवतंय. फांदी नको होती तर दोन पावलं डावीकडे सरकायचं होतं. तेवढंही झालं नाही तुमच्याने. ज्याने खरंच वाट पाहिली, त्याचा नंबर तुम्ही खाल्लात, आणि वर कॅप्शनमध्ये ‘सिंगल शॉट’ लिहिता! रॉ पाठवा. शेजारच्या दोन फ्रेमसकट.